घडीच्या चाकूचं कूळ

गोंदियाहून कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागलं की धानाच्या बांध्या ओलांडत गोरेगाव येतं. गोरेगावच्या नैर्ऋत्येला नागझिऱ्याचं जंगल पसरलेलं आहे. या पट्ट्यातला माणूस रानात रिकाम्या हाताने जात नाही. गुराख्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असते, धान कापायला निघालेल्या बाईच्या हातात विळा, बुरडाकडे बांबू चिरायचं जाड पातं. उन्हाळ्याच्या तोंडी तेंदूची खुटकटाई निघते, तेव्हा कुऱ्हाड नाहीतर कोयता. घरात भाजी चिरायला पावशी. या सगळ्या हत्यारांत पातं आणि मूठ कायमची जखडलेली आहेत, मधे सांधा नाही. पिढ्यानपिढ्या जंगलावर जगलेल्या या मुलखाने घडीचा चाकू स्वतःहून कधी घडवला नाही.

आता मात्र पक्षी बघायला निघणारी, दुचाकीवर दूर भटकणारी इकडची तरुण पोरं विचारतात, रानात आणि रोजच्या खिशात चालेल असा घडीचा चाकू कोणता घ्यावा? मोबाईलवर त्यांनी काळ्या पात्यांचे, करवतीसारख्या दात्यांचे, ‘सर्व्हायव्हल’ नावाने विकले जाणारे चाकू पाहिलेले असतात. प्रश्न चांगला आहे, कारण तो हाताने काम करण्याच्या इच्छेतून येतो. पण दुकानातली नावं पाठ करण्याआधी ही वस्तू आली कुठून, तिने आजवर कोणाच्या घरी कोणतं काम केलं, हे पाहिलं तर निवड आपोआप निम्मी होते.

लोखंडाची विद्या विदर्भाला नवी नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंड इथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. मातीच्या वाकड्या विटा, भात्याची हवा आत नेणाऱ्या नळ्या, लोहकीट, सगळं जागेवर. त्याच जिल्ह्यातल्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतूनही लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या, सुऱ्या निघाल्या. हे सगळं अडीच हजार वर्षांपलीकडचं. खुद्द गोंदिया जिल्ह्यात खुर्शीपार, आंबेतलाव भागात लोहखनिज आहे. शेजारी बालाघाट-मंडल्याच्या मैकल डोंगरांत अगरिया लोक विसाव्या शतकापर्यंत मातीच्या छोट्या भट्ट्यांत लोखंड गाळत होते. व्हेरिअर एल्विनने १९४२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे धातू होता, हात होते, रानही होतं. सांधा तेवढा नव्हता.

तो का नव्हता, हे लोहाराच्या भात्यापाशी बसलं की कळतं. गावचा लोहार आज कोयत्यासाठी बहुधा मालगाडीच्या नाहीतर जीपच्या कमानीचा जुना पाटा घेतो. तो लालभडक करून घणाखाली लांबवतो, कडेला पातळ करतो आणि मग पाणी देतो. पाणी देतानाच त्याची सगळी विद्या दिसते. तापलेल्या पात्याची फक्त धार तो पाण्यात धरतो, पाठ गरमच ठेवतो. बाहेर काढून धारेवर दगड घासून ती चकचकीत करतो आणि टक लावून बघत राहतो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते, तसा त्या चकाकीवर रंग चढतो. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा रंग धारेला पोचताच पातं सगळं पाण्यात. तिथे चुकला तर धार काचेसारखी तडकते किंवा मऊ पडून दुमडते. घडीच्या चाकूत हा खेळ दोनदा खेळावा लागतो. पात्याला पिवळ्यावर थांबवायचं आणि पाठीत बसणाऱ्या कमानीला निळ्यावर, कारण तिला धार नको, लवचिकपणा हवा. पुन्हा दोन्ही एकाच मुठीत केसभरही फट न राहता बसले पाहिजेत. ज्याच्याकडे कुऱ्हाडी, नांगराचे फाळ आणि विळे शेवटायला रांग लागलेली, त्याने हा नाजूक खटाटोप कोणासाठी करावा? मागणाराच नव्हता. खांद्यावर हत्यार उघडपणे वागवणाऱ्या माणसाला ते मिटवून खिशात ठेवायची गरज काय?

मिटणारं पातं ज्यांना लागलं ती माणसं वेगळी. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू मिळालेला आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं एक चांदी-लोखंडाचं साधन आहे. त्यात पात्याबरोबर चमचा, काटा, टोचणी असं सगळं मिटून बसतं. हे प्रवासात जेवणाऱ्याचं सामान आहे. झाड तोडणारा किंवा लढणारा ते कंबरेला लावणार नाही. घडीच्या चाकूच्या वंशातली ही पहिली खूण मला फार मोलाची वाटते. बिचवा, कट्यार, खंजीर यांच्या घराण्याशी त्याचं नातं जोडलं जातं ते बहुतेक चुकीचंच.

त्याच्या वंशातला मोठा पुरुष म्हणजे लेखणी तासायचा चाकू. नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरात मोडी लिहिणारा कारकून बोरू वापरी. बोरूचं टोक तिरकं छाटायचं, मधे बारीक चीर द्यायची, आणि लिहिता लिहिता ते बोथटलं की पुन्हा छाटायचं. दौत, बोरू, शाई टिपायची वाळू आणि धारदार छोटं पातं हा त्याचा संसार. युरोपात हंसाच्या पिसाची लेखणी होती, तिलाही हेच लागे. तिकडे हा चाकू आधी सरळ मुठीचाच होता. लिहिणारा माणूस खिसा घेऊन हिंडू लागला, तसा तो मिटू लागला. बोटभर पातं, एक खिळा, पाठीला कमान. नखाने खेचून उघडायचं, कमानीच्या दाबाने जागेवर राहायचं. जगातल्या कित्येक घडीच्या चाकूंचा सांगाडा आजही हाच आहे.

दुसरं घराणं नाभिकाचं. गावागावांत घडीचं पातं पहिल्यांदा पोचलं असेल तर ते वस्तऱ्याच्या रूपाने, असं मला वाटतं. धोकटीत आरसा, वाटी, कातरी आणि वस्तरा. वस्तऱ्याला कमान नाही, कुलूप नाही, पातं मुठीत नुसतं लोंबतं. हाताने धरलं तेवढंच ते जागेवर राहतं. मिटायचं कारण एकच, एवढी तलम धार उघडी ठेवली तर धार जाते आणि हातही जातो. मूठ हे त्या पात्याचं म्यानच. घडीच्या चाकूचा खरा गुणही हाच आहे, धार स्वतःच्याच घरात झाकून ठेवणं. तिसरं नातं अडकित्त्याचं. कच्छमधल्या अंजार गावी सुडी आणि चप्पू, म्हणजे अडकित्ते आणि चाकू, एकाच कारागिराच्या हाताखाली घडतात. दोन्हींचा जीव एका खिळ्यात असतो, त्यामुळे ज्याला एक जमलं त्याला दुसरंही जमलं.

मग इंग्लंडातल्या शेफिल्डचा माल आला. बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत बसवली आणि त्या गावचे चाकू जगभर गेले. तिथल्याच जोसेफ रॉजर्सच्या चाकूंवरची चांदणी आणि क्रूसाची खूण १७६४ पासूनची. नागपूरहून आसनसोलकडे जाणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग १८९१ मध्ये पुरा झाला आणि गोंदिया त्या वाटेवरचं व्यापाराचं ठाणं बनलं. धान, लाकूड, पुढे तेंदूपान बाहेर जाऊ लागलं, कारखान्याचा माल आत येऊ लागला.

पण गंमत अशी की हा चाकू जसजसा स्वस्त होत गेला, तसतसं त्याचं एकेक काम हातातून निसटत गेलं. बर्मिंगहॅमच्या पोलादी टाकांनी बोरू मोडीत काढला, लेखणी तासणं संपलं. शिसपेन्सिलीने त्याला काही काळ जगवलं. जपानातल्या मिकी गावचा हिगोनोकामी हा साधा पितळी-लोखंडी घडीचा चाकूही शाळकरी मुलांच्या पेन्सिलींवरच वाढला. मग टोकयंत्र आलं, अर्धं ब्लेड आलं. १९०३ पासून विकल्या जाऊ लागलेल्या जिलेटच्या बदलत्या ब्लेडने दाढीचा वस्तरा घरातून हद्दपार केला आणि नाभिकाच्या वस्तऱ्यातही शेवटी तेच ब्लेड अडकवलं गेलं. आपल्याकडे घडीचं पातं उरलं ते नेलकटरच्या पोटात आणि प्रतापगडाच्या, कचारगडाच्या जत्रांत असतात तशा दुकानांतल्या माशाच्या आकाराच्या प्लॅस्टिक मुठीत.

एका जागी मात्र तो अजून मानाने पोट भरतो. अमरावती जिल्ह्यात वरुडजवळ शेंदूरजना घाट हे संत्र्याच्या रोपवाटिकांचं गाव. तिथे जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. कारागीर खुंटाच्या सालीवर आडवी आणि उभी चीर देतो, चाकूच्या मागच्या चपट्या टोकाने साल अलगद उचलतो, दुसऱ्या फांदीवरून ढालीच्या आकाराचा डोळा एका ओढीत काढतो आणि त्या खाचेत सरकवून पट्टी गुंडाळतो. पातं जाड असेल तर साल चिरडते, धार बोथट असेल तर जखम फाटते आणि डोळा मरतो. एका खुंटाकडून दुसऱ्याकडे सरकताना चाकू मिटतो, उघडतो, पुन्हा मिटतो. घडीच्या चाकूकडून काय मागावं हे शिकायचं तर या बागेत शिकावं.

त्याच्या नावाला काळिमा लागला तो रामपूरमुळे, आणि रामपूरपेक्षा सिनेमामुळे. उत्तर प्रदेशातल्या या जुन्या नबाबी संस्थानाच्या गावी खटक्याचा लांब चाकू बनू लागला. पितळी मूठ, नऊ ते बारा इंचांपर्यंत पातं, बटण दाबलं की खाडकन उघडणारं. १९६५च्या ‘वक्त’पासून पडद्यावरच्या गुंडाच्या हातात तो दिसत राहिला आणि लोकांच्या मनात घडीचा चाकू म्हणजे रामपुरी आणि रामपुरी म्हणजे भोसकणं असं समीकरण बसलं. १९९०च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली, कारागिरांची घरं बसली. २०२३ मध्ये रामपुरात सहा मीटरहून लांब चाकूचं शिल्प उभारून त्या चौकाला चाकू चौक नाव दिलं गेलं. खरं सांगायचं तर त्या कारागिरांना लहान पात्याचं, रोजच्या कामाचं गिऱ्हाईक मिळालं असतं तर ते मला अधिक आवडलं असतं.

आज ज्या चाकूंचं आकर्षण वाटतं त्यांचं मूळही शांतच आहे. स्वित्झर्लंडच्या ईबाख गावी कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले. त्या सैनिकी चाकूत पातं, डबा उघडायचं साधन, पेचकस आणि टोचणी एवढंच होतं. पेचकस कशासाठी, तर नव्या रायफलीचे भाग सोडवायला. सैनिकाने त्याने शत्रूवर चालून जावं अशी कल्पनाही नव्हती. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९०च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू काढला. १९५५ मध्ये त्याला फिरतं कडं बसलं, ते फिरवलं की पातं जागेवर पक्कं. अमेरिकेत बक कंपनीने १९६४ मध्ये पाठीमागच्या कुलपाचा शिकारी चाकू लोकप्रिय केला. १९८१ मध्ये स्पायडरकोने पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप दिली, तेव्हा चाकू एका हाताने उघडू लागला. याच सुमारास मायकेल वॉकरने मुठीच्या आतल्या पातळ पत्र्याचंच कुलूप केलं. या सगळ्या सुधारणा एकाच दुबळ्या जागेभोवती फिरतात. ती जागा म्हणजे सांधा. पातं कितीही चांगलं असो, मोडतो तो खिळा, निसटतं ते कुलूप. दगडाने पाठीवर ठोकून लाकूड फाडणं, खुपसून पिळणं, फांदी उचकटणं ही कामं घडीच्या चाकूची नाहीत. ती कुऱ्हाडीने, कोयत्याने करावीत. ही हत्यारं गोरेगावात पूर्वापार उपलब्ध आहेत आणि इकडच्या लोहाराला ती कोणत्याही परदेशी कारखान्यापेक्षा चांगली कळतात.

‘सर्व्हायव्हल’ या शब्दाचंही आपल्या रानात माप घ्यावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाला अस्वल आडवं येतं, कारण तेही मोहफुलांसाठीच आलेलं असतं. त्या क्षणी खिशातल्या चाकूचा काही उपयोग नाही. सोबत माणसं असणं, मोठ्याने बोलत चालणं, हातात काठी असणं, घरी सांगून निघणं, पाणी पुरेसं असणं, यानेच माणसं परत येतात. चाकू दोरी कापेल, काटा काढेल, जखमेची पट्टी कापेल, आग पेटवायला कोरड्या बांबूचा भुसा खरडून देईल. एवढं काम थोडं नाही.

आणि कायदा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांची नोंद आहे, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलेलं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, तणाव अशा वेळी जिल्ह्यात मनाई हुकूम निघतात, तेव्हा लहान चाकूही बरोबर ठेवू नये. सर्वांत महत्त्वाचं, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या व्याख्येतच चाकू आहे आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मंगेझरी किंवा चोरखमारा फाटकातून आत जायचं असेल त्या दिवशी चाकू घरी ठेवायचा. हा नियम मला मनापासून पटतो. फासे आणि सुरे घेऊन आत शिरणाऱ्यांनी काय केलं आहे हे या जंगलाला ठाऊक आहे.

मग घ्यावा कसा? पातं सात ते आठ सेंटिमीटर. रोजच्या जवळजवळ सगळ्या कामांना ते पुरतं, खताच्या पोत्याची सुतळी, धानाच्या कट्ट्याचं शिवण, वायरीचं आवरण, कैरी, पेरू, कलमाची काडी. पाठ दोन-अडीच मिलिमीटरची, म्हणजे कापतं. जाड पातं नुसतं फाडतं. दाते नसलेली साधी धार, कारण दाते घरच्या दगडावर लावता येत नाहीत आणि धार लावता येत नाही तो चाकू दोन महिन्यांत निरुपयोगी. खटका नको. कुलूप हवं, आणि दुकानातच पातं उघडून पाठीवर अंगठ्याने दाबून बघावं, कुलूप सरकत नाही ना. पातं डावी-उजवीकडे हलवून सांधा ढिला नाही ना. मिटल्यावर ते मुठीच्या बरोबर मधोमध बसतं का, की एका कडेला घासतं. मूठ भडक रंगाची घ्यावी. काळी आणि हिरवी मूठ सागाच्या पाचोळ्यात पडली की सापडत नाही.

पोलादाचा प्रश्न आपल्या पावसावर सोडवावा. इकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते आणि तीक्ष्णही लागते, पण कैरी कापून पुसायला विसरलात तर तासाभरात पात्यावर करडा-निळसर डाग उमटतो, आणि ओल्या खिशात रात्र गेली तर गंज. तो करडा थर घाबरण्यासारखा नाही, उलट पुढच्या गंजाला थोडा अडवतो. पण ज्याच्याकडून पुसणं-तेल लावणं होणार नाही, त्याने स्टेनलेसच घ्यावं. हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये शेफिल्डमध्ये क्रोमियम मिसळून जे पोलाद ओतलं, त्याचीच ही पिलावळ. लाकडी मुठीचा ओपिनेल देखणा आणि हातात गोड, पण भर पावसात लाकूड फुगतं आणि पातं निघता निघत नाही. मूठ आधीच तेलात मुरवून ठेवावी लागते. बांबू तासणाऱ्याने लक्षात ठेवावं, त्याच्या वरच्या सालीत वाळूचाच अंश असतो, चांगली धार त्याने झपाट्याने जाते.

चाकूबरोबर एक साणेचा दगड घ्यावाच, दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक बारीक. पातं दगडावर वीस अंशांच्या आसपास कलतं ठेवायचं, धारेच्या दिशेने पुढे ढकलायचं, दोन्ही बाजू सारख्या. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून वरून कापला गेला, अडखळला नाही, की थांबायचं. सांध्यात पाऊस शिरला असेल तर पातं उघडून वाळवून एक थेंब तेल. खिळा रिव्हेटचा असेल आणि ढिला पडला, तर लोहाराच्या ऐरणीवर खिळ्याचं डोकं ठेवून हलके दोन ठोके पुरतात. तो स्क्रूचा असेल तर दुकानदाराकडून त्याच्या मापाचा पाना तेव्हाच मागून घ्यावा.